समोरच्यांची गाडी नापास!

अहो, ऐकलंत का? समोरच्यांची ती चंदेरी वॅगनार... हो हो, २००८ सालची, पंधरा वर्षं झाली म्हणून पर्यावरण कर भरून पुन्हा पासिंग करून आणलेली, तीच. पीयूसीला नापास झाली!

जुनी गाडी, व्हायचीच म्हणाल. तसं नाही हो! भाऊजींनी तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकलाय. खाली नुसता सरळ पाइप! तरीच म्हटलं, सकाळी गाडी सुरू झाली की आमच्या फडताळातल्या बशा का थरथरतात.

तर काय सांगत होते... गाडी चढाला धक्के खायची ना? मेकॅनिक म्हणाला, "साहेब, कॅट चोकअप झालाय, काढून टाका, गाडी पळेल." भाऊजी लगेच तयार! वर मलाच ऐकवतात, "सरकारनं उगाच मारलेलं बूच आहे ते, वहिनी." बूच म्हणे! आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा कधीपासून पेटलेला, त्यावर यांनी काय चिकटवावं? बायकोची, म्हणजे समोरच्या वहिनींची टिकली! खरंच सांगते, काळी, मोठ्यातली.

मग परवा पीयूसीच्या मुलानं मागे नळी घातली मात्र... कार्बन मोनॉक्साइड या गाडीला ०.५ टक्क्याच्या आत हवा, तो कुठच्या कुठे. पोलिसानं धरलं तर दंड दहा हजारांपर्यंत. भाऊजींचं तोंड असं एवढंसं!

आता खरी गंमत ऐका. वहिनींचा भाचा चाकणला गाड्यांच्याच कंपनीत आहे ना, तो रविवारी आला. त्यानं आधी टिकली काढली, मग एकेक प्लग. एक निघाला पेट्रोलनं ओला, काळाकुट्ट. "काका, ही मिसफायर करत होती. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळते, मग वाट बंद. आधी हा प्लग, ही कॉइल बघायची होती." म्हणजे दुखणं एकीकडे आणि कापलं भलतंच! धक्के अजूनही आहेतच की. हे तर भाऊजी कुणाला बोललेच नव्हते.

हं, तर भाच्यानं विचारलं, "जुना कॅट कुठंय?" भाऊजी म्हणाले, "मेकॅनिकनंच ठेवून घेतला. भला माणूस, फुकटात विल्हेवाट लावतो म्हणाला."

भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, त्यात पॅलेडियम, ऱ्होडियम, प्लॅटिनम असतं!"

थोडंसंच असतं हो, ग्रॅम-दोन ग्रॅम. पण वहिनींनी तेवढा एकच शब्द पकडला. हातातला चहाचा ट्रे टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला प्लॅटिनमची अंगठी नको म्हणालात. परवडत नाही म्हणालात!"

दोन दिवस झाले, भाऊजी डबा न घेताच ऑफिसला जातायत. आणि बसनं हं!