माजघरात कशाला?

दुकानात कॅमेरा घ्यायला गेलं की तो किती लांबचं बघतो, काळोखात किती बघतो, मान कुठवर वळवतो आणि किती दिवसांचं साठवून ठेवतो, हे सगळं न विचारता सांगतात. तो बघायचा थांबतो कसा, हे मात्र आपणहून विचारावं लागतं. विचारलं की समोरचा आपल्यालाच जरा संशयाने न्याहाळतो. बंद ठेवायचा तर घेता कशाला, असा त्याचा चेहरा होतो.

आमच्या घरात हा प्रश्न आईने विचारला. देवरुखजवळच्या जुन्या घरात ती एकटी राहते. दिवसा कामाला बाई येते, रात्री दाराला अडसर. मागच्या दारी पालथं घातलेलं तांब्याचं घंगाळ एका सकाळी नाहीसं झालं आणि ठाण्याचा दादा, पुण्याची मी आणि कॅनडातला भाचा अशा तिघांनी मिळून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठराव केला की घराला कॅमेरे हवेत. ठराव एकमताने झाला, कारण त्या ग्रुपवर आई नाही.

कॅमेरे बसवायला आलेला मुलगा हुशार होता. त्याने भराभर खुणा केल्या: पडवी, मागचं दार, ओटी, माजघर. शेवटच्या खुणेपाशी आई उभी राहिली. "माजघरात कशाला रे?"

"काकू, चोर आत शिरला तर दिसेल ना."

"चोर माजघरात आला तर मलाच दिसेल. त्याच्यासाठी कॅमेरा कशाला?"

मुलाने दादाला फोन लावला. दादाने मला लावला. मी ओटीवरच बसले होते.

मला तेव्हा पहिल्यांदा त्या घराचा आराखडा उमगला असं म्हटलं तरी चालेल. जुनी कोकणी घरं बांधणाऱ्यांनी कोणी कुठवर यायचं हे भिंती घालतानाच ठरवून टाकलं होतं. खळ्यात कोणीही यावं. पोस्टमन पडवीपर्यंत. पाहुणा ओटीवर, त्याला तिथेच पाणी आणि गूळ. नात्यातला असेल तर माजघरात. त्या पायऱ्यांत जातपात होती, बायकांना आत कोंडणंही होतं, तेव्हा त्यांचं कौतुक बेतानेच करावं. पण आत जावं तसा उजेड आणि नजर दोन्ही कमी होत जात, आणि घरातल्या माणसाला पाय पसरून बसायला एक जागा उरे. आमच्या कॅमेऱ्याने पडवी-ओटी ओलांडून थेट माजघरात आसन मागितलं होतं, आणि तेही गूळपाणी न घेता.

गंमत अशी की घरात कॅमेरा लावण्याची कल्पना मुळात उलट्या दिशेने निघाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहायची. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, वस्तीत गुन्हे वाढलेले, पोलीस बोलावले तर येणार केव्हा याचा भरवसा नाही. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार. दोघांनी मिळून दाराला वरखाली चार भोकं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आत खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि जागेवरून दार उघडायचं बटण असा संच रचला. १९६६ साली अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळालं. त्यात बघणारी बाई घरात होती, दिसणारा माणूस दाराबाहेर होता, आणि बटणं सगळी बाईच्या हाताशी होती. आम्ही मुलांनी त्या शोधाची सदऱ्यासारखी उलटापालट केली. दिसणारी बाई घरात, बघणारे बाहेर, आणि बटण ठाण्याला.

ठाण्याचं बटण म्हणजे दादाच्या मोबाइलमधलं ॲप. त्यात "घरी" आणि "बाहेर" असे दोन प्रकार होते. घरातल्यांचे मोबाइल घराच्या ठरावीक परिघाबाहेर गेले की घर रिकामं झालं असं ॲप समजतं आणि कॅमेरे आपोआप चालू करतं. मोबाइल परत आले की आतले कॅमेरे डोळे मिटतात. पुण्यातल्या नोकरदार जोडप्याला ही सोय झकास. पण आईकडे आहे बटणांचा साधा फोन, त्यात ॲप जात नाही. त्यामुळे ॲपच्या हिशेबी ते घर कायम रिकामं. आई पहाटे उठते, चूल पेटवते, तुळशीला पाणी घालते, रेडिओशी वाद घालते, आणि ॲप म्हणतं, घरी कोणी नाही. तेव्हा मी दादाला म्हटलं, आपणही फोन उचलला नाही की तिला असंच रिकामं घर समजतो. तो म्हणाला, उगाच ललित बोलू नकोस.

त्या कॅमेऱ्यांना बोलताही येतं. दादाने पहिल्याच संध्याकाळी ठाण्याहून ओटीच्या छतातून विचारलं, "आई, गोळी घेतलीस का?" कंसानंतर आकाशवाणी थेट आमच्या आईलाच झाली. तिच्या हातातली सुपारी आणि अडकित्ता दोन्ही खाली. मग तिने छताकडे बघत दादाला जे सुनावलं ते कॅमेऱ्यातल्या कार्डावर साठवलं गेलं, पण ते इथे देता येण्यासारखं नाही. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस" हा त्यातला सौम्य भाग.

यानंतर आईने अटी घातल्या. पडवीचा आणि मागच्या दारचा कॅमेरा खुशाल रात्रंदिवस चालू दे, ते बाहेर बघतात. ओटीवरचा तिच्या मर्जीने. माजघरात नाही म्हणजे नाही. कॅमेरे बसवणाऱ्या मुलाने मोबाइलवरून चालणारा प्लग सुचवला. तिने भिंतीवरचं बटण मागितलं, देव्हाऱ्याजवळच्या बोर्डावर, दिव्याच्या बटणाशेजारी. दादाने हरकत घेतली आणि ती अगदीच खोटी नव्हती. बटण बंद केलं की ॲप नुसतं "ऑफलाइन" म्हणणार. आईने बंद केलं, लाइट गेली की चोराने वायर कापली, हे ठाण्यात कसं कळायचं? कोकणात पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. बाहेरचे कॅमेरे आणि वायफायचा डबा इन्व्हर्टरवर घेतले, पण ओटीच्या कॅमेऱ्याची शंका तशीच राहिली. आईने ती एका वाक्यात सोडवली, "मग फोन कर की."

चित्रणासाठी कंपनीची दरमहा वर्गणी न भरता आम्ही कॅमेऱ्यातच कार्ड घातलं. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. जे घरात घडलं ते घरातच राहतं आणि घरातच विसरलं जातं. पासवर्ड मुलाने एक ते सहा ठेवला होता, तो लगोलग बदलला. २०१६ साली मिराई नावाच्या घातकी प्रोग्रॅमने असे कारखान्यातले पासवर्ड वापरूनच जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. कॅमेरा चालू असल्याचा बारीक दिवा ॲपमधून विझवता येतो, असं मुलगा मोठ्या उत्साहाने सांगू लागला. आईने विचारलं, तो विझवायची गरज कोणाला पडते? त्याला उत्तर सुचलं नाही. दिवा चालू राहिला.

मला सगळ्यात आवडली ती चित्राचा हवा तो तुकडा काळा करायची सोय. पडवीच्या कॅमेऱ्यात शेजारच्या काकूंची न्हाणी येत होती, तिथे काळा चौकोन टाकला. ओटीवर झोपाळ्यावर टाकला. आता दादाला ओटी दिसते, दार दिसतं, झोपाळ्याच्या कड्या दिसतात, आणि कड्या हलत असल्या म्हणजे आई बसली आहे.

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्या उंबऱ्यापाशीच थांबतो. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या याचिकेवर हे झालं ते के. एस. पुट्टस्वामी निवृत्त न्यायमूर्ती, वयाची ऐंशी ओलांडल्यावर कोर्टात गेलेले. म्हातारपणी माणसं ऐकून घेत नाहीत, हे आमच्याच घरचं नाही. पण २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा माणसाने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे लेकाने आईला कितपत बघावं याचा निवाडा दिल्लीत नाही, देव्हाऱ्याजवळच्या बोर्डावर व्हायचा.

घंगाळ सापडलं नाही. दिवेलागणीला पडवीच्या कॅमेऱ्यात टक असा आवाज होतो, भिंगामागची काच सरकते आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड पडवीभर पडतो. कॅमेऱ्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो, वाऱ्याने जाळं हलतं आणि मध्यरात्री ठाणे आणि पुणे एकदम खडबडून जागे होतात: "हालचाल आढळली." दिवसा हे काम वानरं करतात. आई झाडूने जाळं काढते, पण कोळ्याचा निश्चय दांडगा.

गणपतीत भाच्याने आजीला टॅब आणून दिला. पडवी आणि मागचं दार आता तिलाच दिसतं, बसल्या जागेवरून. माडाखाली कोण घुटमळतंय, शेजारच्या काकू कोणाशी बोलत उभ्या आहेत. तिला हे फारच आवडलं. आवडलं म्हणूनच ती एक दिवस सहज दादाला म्हणाली, "तुमच्या ठाण्याच्या हॉलमध्येही एक लावा ना. मलाही बघता येईल, तुम्ही जेवता कधी, झोपता कधी."

दादा म्हणाला, हो, लावू की. मागून वहिनी म्हणाली, आधी रंग काढून घेऊ दे. रंगाचं दिवाळीनंतर बघायचं ठरलं आहे. कुठल्या दिवाळीनंतर, ते आईने अजून विचारलेलं नाही.