वहिनींची संकष्टी

"काय वहिनी, काल म्हणे तुळशीपाशीच बसलात तुम्ही?"

"बसले कसली, आडवीच व्हायची होते. तुम्हाला कुणी सांगितलं बाई?"

"आपल्या वाडीत सांगावं लागतं होय? दुधाच्या पोराने चक्कर सांगितली. वरच्या आळीत पोचेपर्यंत तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेला होता."

"मेल्याला दुधात पाणी घालायला बरोबर कळतं. अहो, संकष्टी होती. सकाळी शुगरची गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा. म्हटलं, आता चंद्रोदयालाच जेवायचं. दोनच्या सुमारास हातपाय लटपटायला लागले, दरदरून घाम. ह्यांनी यंत्रावर बोट टोचून पाहिलं, तर ५८!"

"साखर दिली ना लगेच?"

"दिली. पण मला एक सांगा. मी उपाशी, शुगर खाली चाललेली, मग माझ्या स्वादुपिंडाला एवढंही समजू नये? इन्सुलिन सोडतंय आपलं!"

बाईंनी हातातलं अळू गडग्यावर ठेवलं. तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, पण वर्गात असा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नाही, ही त्यांची जुनी तक्रार.

"समजतं हो त्याला. तुमच्या गोळीने समजू दिलं नाही."

"म्हणजे?"

"स्वादुपिंडात पेशींची बारीक बारीक बेटं असतात. १८६९ साली बर्लिनमधल्या लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने ती पहिल्यांदा पाहिली. कशासाठी आहेत ते मात्र त्याला सांगता आलं नाही. या बेटांत ज्या बीटा पेशी असतात ना, त्या महा हिशेबी. रक्तात साखर किती हे त्या नुसतं बघून ठरवत नाहीत. साखर आत घेतात, जाळतात आणि ऊर्जा किती निघाली ते पाहतात. दुकानदार दारात किती माणसं आली ते धरून चालत नाही, गल्ला मोजतो, तसं."

"आणि गल्ला भरला की?"

"ऊर्जेचं नाणं म्हणजे एटीपी. पेशीच्या आवरणात पोटॅशियमच्या वाहिन्या असतात. उपाशीपोटी त्यातल्या बऱ्याच उघड्या असतात, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं आणि पेशी गप्प बसते. जेवण झालं, साखर जळली, एटीपी वाढलं की त्या मिटतात. मग आवरणावरचा विजेचा दाब बदलतो, त्याने कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि आवरणाला टेकून असलेल्या इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. एकेका पेशीत अशा दहाएक हजार पिशव्या! पण कडेला तयार असतात थोड्याच. त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत संपतात, बाकीच्या मागून सावकाश येतात. तुमच्या-माझ्या प्रकारच्या मधुमेहात आधी हा पहिला झपाटाच मंदावतो."

"आणि माझी गोळी? ग्लिमे... काय ते."

"ग्लिमेपिराइड. ती त्या पोटॅशियमच्या वाहिनीला थेट चिकटते आणि ती मिटवते. जेवलात का, साखर जळली का, काही विचारत नाही. पेशी बापडी समजते की पानं वाढून झाली. तुम्ही मात्र चंद्राची वाट बघताय."

"अगोबाई! असली गोळी काढली कुणी?"

"काढली कसली, सापडली. १९४२ साली फ्रान्समध्ये माँपेलिये गावात टायफॉइडच्या रोग्यांना एक नवं सल्फा औषध देत होते. ताप राहिला बाजूला, रोग्यांची साखरच घसरायला लागली. त्यातून पुढे या गोळ्या आल्या. आणि साखरेमुळे मिटणारी ही वाहिनी ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस ॲशक्रॉफ्टबाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसली १९८४ साली! तोवर या गोळ्या लोकांच्या पोटात जाऊन वर्षं लोटली होती. पण वाहिनी कळल्यावर चांगलंही झालं हो. काही बाळांना जन्मल्यापासून काही महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची हीच वाहिनी जनुकातल्या दोषामुळे मिटतच नाही. त्यांना तुमच्याच जातीची गोळी दिली. २००६ सालच्या अहवालात ४९ पैकी ४४ जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलं."

वहिनींचा चेहरा जरा निवळला. आपल्या गोळीची बदनामीच चालली आहे असं त्यांना मघापासून वाटत होतं.

तेवढ्यात वहिनींचे यजमान अण्णा पडवीतून म्हणाले, "बाई, हिला ती आठवड्याची सुई का नाही देत? मुंबईत सगळे घेतात म्हणे."

"सगळे घेतात म्हणून घ्यायची ती काय भिशी आहे अण्णा? पण तिची तऱ्हा वेगळी, हे खरं. आपण जेवलो की आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं, त्याचीच नक्कल म्हणजे ती सुई. ते संप्रेरक बीटा पेशीला वेगळ्या वाटेने निरोप देतं, तिच्यातलं सायक्लिक एएमपी नावाचं रसायन वाढवून. त्या निरोपाने इन्सुलिन जोरात सुटतं, पण साखर वाढलेली असेल तरच. गल्ला रिकामा असेल तर तो निरोप जवळजवळ फुकट जातो. म्हणून एकटी ती सुई घेतली तर साखर अशी कोसळण्याची भीती कमी. फक्त आपल्या अंगातलं जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत मोडतं. त्याच्यासारखं काम करणारं पण टिकणारं रसायन सापडलं कुठे, तर अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या विषात. गिला मॉन्स्टर. त्याच्यावरून बेतलेलं औषध २००५ साली आलं, आताच्या सुया त्यानंतरच्या."

"शी! सरडा?"

"तुम्ही आधी दुसरं ऐका. काल साखर खाल्लीत आणि सोडून दिलंत ना? या गोळीचा जोर दिवसभर राहतो. साखरेवर पोटभर खायचं आणि पुन्हा पुन्हा मोजायचं. आणि गोळी मनाने बंद करायची नाही. उपासाच्या दिवशी तिचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारायचं. लावा फोन, एकादशी आठवड्यावर आलीय."

"लावते. पण बाई, गणपतीला काय वाटेल हो?"

"गणपतीला? त्याचं पोट बघितलंत का तुम्ही?"

अण्णांना मात्र वेगळीच काळजी. "तो सरडा आपल्याकडे कोकणात नाही ना सापडत?"