पॅसेजमधला वेग: नवशिक्यांसाठी

साहित्य: एक पॅसेज, जमल्यास दोन फुटी फरश्यांचा, आलेखवहीचं पान, घड्याळ, आणि मोठ्याने सेकंद मोजणारं नववीतलं एक मूल. घरात नसेल तर शेजारून आणावं. अभ्यास टळतो म्हणून ते आनंदाने येतं.

दाराला शून्य म्हणा. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्यावर दारापासूनचं अंतर. मुलाने रेष काढायची, तुम्ही ती चालून दाखवायची. माझ्या भाच्याने डोंगर काढला: तिरकं वर, टोक, तिरकं खाली. मी लगेच स्टूल ओढलं आणि त्यावर चढलो.

हसू नका, पहिल्या दिवशी सगळेच चढतात. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे. बोरघाटात कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना रूळ 37 मीटरला एक मीटर चढतात. मागून बँकर इंजिनं रेटत असतात, तरी गाडी मंदावतेच. त्यामुळे डोंगर जिथे सुरू होतो, तिथेच अंतर-काल आलेखाची रेष लोळायला लागते. रेषेचा चढ वेगाचा असतो. घाटाशी त्याचं नातं असलंच तर भाऊबंदकीचं.

आता खाली उतरा. सेकंदाला एक फरशी, रेष तिरकी. दोन फरश्या, जास्त उभी. थांबलात की आडवी. कुणी अगदी सरळ उभी रेष चालायला सांगितली तर नम्रपणे नकार द्या. त्यासाठी एकाच क्षणी दारात आणि मोरीपाशी असावं लागतं. ते फक्त लग्नघरातल्या मामांना साधतं.

परतताना वळायची गरज नाही, उलट पावली आलात तरी चालेल. दाराकडे सरकलात की वेग ऋण. तोंड कुठे आहे हे रेष विचारत नाही. अडचण आहे ती टोकाची. तिथे भाच्याच्या पेन्सिलीने धन वेगाचा ऋण एका ठिपक्यात केला होता. पायांना तसं येत नाही. ते आधी मंदावतात, क्षणभर शून्य होतात, मग मागे फिरतात, म्हणून खऱ्या माणसाचा डोंगर माथ्यावर गोल असतो. मी पायमोजे घालून टोकदार वळायचा हट्ट धरला. माझं त्वरण शेवटी भिंतीने ठरवलं.

चाल आणि वेग यांतला फरक डेक्कन क्वीनच्या पासवाल्याला विचारावा. सकाळी पुण्याहून मुंबई 192 किलोमीटर, रात्री तेवढंच परत. प्रवास 384 किलोमीटर, विस्थापन शून्य, म्हणून दिवसाचा सरासरी वेगही शून्य. हे त्याच्या घरी सांगू नये.

दुसऱ्या पानावर उभ्या अक्षाला वेग लिहिलात की आडव्या रेषेचा अर्थच पालटतो: आता ती थांबलेल्याची नाही, एका लयीत चालणाऱ्याची. सेकंदाला दोन फूट, सहा सेकंद. रेषेखालचा आयत मोजा, बारा फूट भरतात. म्हणून आधी अक्षांवरची अक्षरं वाचा. मी ती वाचत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "एवढा चालतोयस तर खालून कोथिंबीर आण."

भाच्याने त्याचाही आलेख काढला. जिना उतरताना रेष चांगली तिरकी आहे. पुढे सोसायटीच्या गेटपाशी, जिथे शेजारच्या काकू भेटल्या, तिथे ती सतरा मिनिटं आडवी.