हवेची की बॅटरीची?

खराडीत इऑन आयटी पार्कला कामाला जाणाऱ्या मंडळींना सुट्टीच्या दिवशी सुतारकी सुचते, आणि पहिला पेच पडतो तो खिळे मारायची बंदूक हवेची घ्यावी की बॅटरीची. हवेची हलकी, स्वस्त. पण मागे कॉम्प्रेसर, नळी आणि त्याची घरघर ऐकून वर येणारे खालचे काका. बॅटरीची सुटसुटीत, पण महाग नि हाताला जड. एक्सेलमध्ये तक्ता तयार होतो, वजनासकट. भिंत मात्र आरसीसीची! 18 गेजचा बारीक खिळा प्लायसाठी असतो, काँक्रीटवर तो नुसता वाकतो. तिथं ड्रिल आणि गिट्टीच लागते. मग सुतार येतो, तक्त्याकडं बघतसुद्धा नाही. "साहेब, प्लग पॉइंट कुठंय?"