जळवा आणि चारित्र्य

नर्सिंगची शाळा म्हटली की वाटतं, पहिल्या दिवशी नाडी मोजायला शिकवत असतील. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली, तेव्हा मोजमाप आधी मुलींचंच सुरू झालं. दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरला जाई. त्यात जळवा लावणं, एनिमा देणं, पट्ट्या बांधणं असे रकाने होते. आणि त्याच कागदावर वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा हेही. शेरे ‘उत्कृष्ट’पासून थेट शून्यापर्यंत. जळवांमधलं शून्य मी समजू शकतो. एखादीची जळू चिकटतच नसेल. पण शांतपणात ‘मध्यम’ मिळवायला नेमकं किती बोलावं लागत असेल?

शाळेकडे पैशाची ददात नव्हती. क्रिमियाच्या युद्धातल्या कामाबद्दल लोकांनी नाइटिंगेलबाईंसाठी सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमवला होता. सैनिकांनी एकेका दिवसाचा पगार दिला होता. विरोधक मात्र घरातच होते. त्याच हॉस्पिटलातले ज्येष्ठ सर्जन जॉन फ्लिंट साउथ यांचं मत होतं की नर्स ही मोलकरणीच्या पातळीचीच, तिला पोटीस करण्यापलीकडे फारसं शिकवायला नको. असे डॉक्टर एक वेळ परवडले. खरी पंचाईत होती ती मुलींच्या वडिलांची. वयात आलेली लेक, परक्या पुरुषांचा वॉर्ड आणि रात्रीची वेळ, हे तीन शब्द एका वाक्यात ऐकून कोणता बाप सही करील? तो मासिक तक्ता मला मुलींपेक्षा त्यांच्या वडिलांसाठी आखलेला वाटतो.

म्हणून बाहेर पडायचं ते दोघी-दोघींनीच. (कोपऱ्यापर्यंत जोडी नक्की टिकत असणार, पुढचं मॅट्रनला दिसत नसे.) रोजनिशी लिहायची, आणि तीही वरिष्ठांनी वाचायची. पण राहायला प्रत्येकीला वेगळी खोली, जेवण, चहा-साखर, धुलाई आणि वर्षाला दहा पौंड. स्वतःची खोली आणि स्वतःचा पैसा हाती येत असेल, तर कुणी आपल्या शांतपणाला ‘मध्यम’ म्हटलं तरी म्हणो बापडं!

या शाळेची सूत्रं सांभाळली मॅट्रन सारा वॉर्ड्रोपर यांनी. चाळिशीच्या आसपास हॉस्पिटलात आलेली, मुलंबाळं असलेली विधवा. स्वतः नर्सिंगचं शिक्षण शून्य. शाळेला हव्या होत्या २५ ते ३५ वयाच्या बाया, म्हणजे बाईंचा अर्ज त्यांच्याच खिडकीवरून परत आला असता. नाइटिंगेलबाई तर आजारपणामुळे अंथरुणावर. त्यांची शाळा बहुतेक टपालानेच चाले. दहाएक वर्षांनी त्यांनी खोलात जाऊन चौकशी केली, तेव्हा कळलं की मुलींना शिकवायचं ज्या डॉक्टरांवर सोपवलं होतं, त्यांनी शिकवणं जवळपास सोडूनच दिलंय. तक्ता मुलींचा होता ना, मास्तरांचा नव्हता!

नाइटिंगेलबाई भारतात कधी आल्या नाहीत, पण इथलं त्यांना पुष्कळ ठाऊक असे. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला १८९२ मध्ये त्यांची प्रस्तावना आहे. त्याच मलबारींनी आणि चरित्रकार दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था काढली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई रानड्यांनी पुण्यात. पुण्याच्या सेवासदनाने मुली आणि विधवा ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. लंडनमध्ये समजूत घालायची ती वडिलांची. इथे वडील, सासरे, दीर आणि समोरच्या वाड्यातल्या काकू अशी समितीच बसलेली. सोवळ्यात वाढलेली विधवा कुठल्याही जातीच्या माणसाची जखम धुणार, तीही ससूनमध्ये! ज्या घरात तिच्या हातचं पाणी शुभकार्याला चालत नसे, त्या घरालाच तिने दुसऱ्याला शिवू नये याची काळजी.

रमाबाई स्वतः विधवा होत्या, हा मला योगायोग वाटत नाही. लंडन काय, पुणं काय, ‘आता हिचं काय करायचं?’ असं घरच्यांनी जिच्याकडे बघून म्हटलं, तिनेच पुढे होऊन ‘रात्री रोग्याजवळ कोण बसणार?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं. समाजाला दोन्ही प्रश्न पडले होते; ते एकमेकांना जोडायचं मात्र त्या बायकांनाच सुचलं.

आता काळ बराच पुढे आला आहे. सरकारी नोकरीतली स्टाफ नर्स म्हटलं की वरपक्षाच्या आवाजात आपोआप मार्दव येतं. प्रवेशाच्या दिवसांत लेकीची कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलीत घालून वडील स्वतः रांगेत उभे असतात. खिडकीशी पोचल्यावर ‘रात्रपाळी असते का हो?’ हा प्रश्न अजूनही येतोच. फक्त पाठोपाठ दुसराही येतो: ‘मग तिचा भत्ता वेगळा मिळतो ना?’