दाजींची शांतता

भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचं ठरलं, तेव्हा फ्लेमिंगोला मराठीत ‘रोहित’ म्हणतात ही माहिती दाजींनी माझ्या मुलाला फोनवर दिली. मुलाचं नावही रोहित. पुढचे चार दिवस तो शाळेत, कोणी शिक्षा केलेली नसताना, एका पायावर उभा होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाखरं बघायला त्यांना एकच गोष्ट लागते, शांतता. आणि ती मिळवण्यासाठी ते जेवढा आवाज करतात, तेवढा आमच्या गल्लीत वरातीतसुद्धा होत नाही.

आदल्या रात्री ग्रुपवर त्यांचे नियम आले. लाल-पांढरे कपडे नकोत. अत्तर नको. बांगड्या वाजता कामा नयेत (हा ताईला). वेफर्सचं पाकीट सापडल्यास जप्त. पहाटे चारला स्वतः दाजी हजर झाले ते शेवाळी रंगाच्या, अकरा खिशांच्या विजारीत. प्रत्येक खिशाला वेल्क्रो. म्हणजे दाजींनी पेन्सिल शोधायला घेतली की चर्र, चर्र, चर्र असे अकरा आवाज येणार, आणि पेन्सिल कानामागे निघणार. पेन्सिलच का? तर होडीत पाणी उडतं आणि पेनची शाई पसरते. माणूस पद्धतशीर आहे, त्यात वाद नाही.

पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर. सोलापूर रस्त्याला लागताच दाजींनी गाडीतली गाणी बंद केली. “कानांना सवय होऊ दे.” यवतपर्यंत सवय केली. मग चहाला थांबलो, तर टपरीवाल्यालाही त्यांनी स्टोव्ह जरा हळू करायला सांगितलं.

कुंभारगावला पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. हे सगळं पाणी उजनी धरणाचं. भीमा १९८० साली अडली, काठची गावं पाण्याखाली गेली आणि धरणाच्या फुगवट्यावर देशोदेशीची पाखरं उतरू लागली. काल जाळी टाकणारी मंडळी आज पाहुण्यांना होडीतून पाखरं दाखवतात. आमचा नावाडी पंचविशीतला, अबोल पोरगा. दाजी त्याच्यावर फार खूश झाले. “बघा, याला म्हणतात संस्कार!” असं त्यांनी ओरडून सांगितलं.

होडी काठापासून सुटली. दाजी उभे राहिले, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “श्शू!”

त्यांची चार वर्षांची चिमी लगेच म्हणाली, “बाबा, आली.”

आता यात त्या पोरीचा काय दोष? जन्मल्यापासून तिला मोरीत उकिडवं धरून घरातल्या समस्त बायकांनी हाच मंत्र ऐकवलेला. ताईने नवऱ्याकडे असं पाहिलं, की दाजींना पुढे काही म्हणायची गरजच उरली नाही. तरी ते म्हणालेच, “श्शू!”

“खूप आली.”

होडी पुन्हा काठाकडे वळली. उथळ पाण्यात शेकाट्यांचा थवा होता. लांब गुलाबी पायांची ही पाखरं मुळात कटकटी. त्यांनी किर्र ओरडून सगळ्या जलाशयाला आमची बातमी दिली. दाजी चिमीला घेऊन बाभळीआड गेले आणि नेमका तेव्हाच एक कैकर आकाशातून दगडासारखा खाली आला. आमच्यापासून वीस हातांवर त्याने पाण्यात पंजे घातले आणि वळवळता मासा घेऊन वर गेला. आम्ही सगळे एकदम ओरडलो. नावाडीसुद्धा ओरडला. दाजी धावत आले तेव्हा पाण्यावर नुसत्या लाटा होत्या. कैकर त्यांनी डायरीत लिहिला नाही. ऐकीव माहिती ते लिहीत नाहीत.

पुन्हा निघालो. चमचे दिसले, चित्रबलाक दिसले, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसले. प्रत्येकाची माहिती दाजींनी कुजबुजत सांगितली. त्यांची कुजबुज ही स्वतंत्र चीज आहे. पलीकडच्या होडीतल्या एका बाईंनी मध्येच हात वर करून त्यांना शंका विचारली.

आणि मग लांबवर, पाण्यावर कोणीतरी गुलाबी रेघ ओढल्यासारखे ते दिसले.

“रोहित!” दाजी उठले.

“काय?” आमचा रोहित म्हणाला.

“तू नाही रे! तो बघ, रोहित! मान खाली, तोंड चिखलात!”

माझ्या बायकोने न बघताच पोराची कॉलर धरली.

“चोच उलटी करून चिखल गाळतो! जे खातो त्यातून रंग येतो. लहानपणी मळकट असतो रोहित!”

“अजून आहे,” बायको म्हणाली.

दाजी मोजायला लागले. दहा, वीस, तीस. एकशे ऐंशीला चिमीने त्यांची विजार ओढली. पुन्हा पहिल्यापासून. एकशे वीसला ताईने थेपला पुढे केला. तिसऱ्या खेपेला दाजी दुर्बीण घेऊन होडीच्या टोकावर चढले, तेव्हा तो अबोल पोरगा पहिल्यांदा बोलला.

“सायेब, खाली बसा. पाखरं बोलन्याला येवढी भीत न्हाईत. हुबा मानूस दिसला की उठत्यात.”

दाजी बसले. चेहरा असा झाला, की आयुष्यभर साखर सोडलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगावं, तुमचा आजार मिठाचा होता. पण बसून का होईना, मोजणी पुरी झाली. डायरीत नोंद पडली : रोहित – २१४.

दुपारी तिथल्याच एका घरी जेवलो. भाकरी आणि तळलेली चिलापी. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, तो आला आणि आपल्या देशी माशांच्या मुळावर उठला, हे दाजींनी कळवळून सांगितलं. तीन तुकड्या संपवून चौथी वाढून घेताना म्हणाले, “कमी तर केलेच पाहिजेत.”

परतीच्या वाटेवर दाजी पाटसच्या आधीच घोरू लागले. मागच्या सीटवर चिमी ताईच्या मांडीवर झोपलेली. रोहितने दाजींच्या मांडीवरची डायरी हळूच उचलली, पान शोधलं आणि मला विचारलं, “बाबा, यात मी धरलोय का?”

“नाही रे.”

त्याने दाजींच्या कानामागची पेन्सिल काढली. जीभ बाहेर काढून बराच वेळ गिरवत बसला. २१४ चे २१५ झाले.

लोणीजवळ खड्ड्यात गाडी आदळली आणि दाजी जागे झाले. डायरी दिसली, आकडा दिसला. तेरा वर्षांच्या नोंदींत कोणी हात घातला नव्हता. ते काही बोलले नाहीत, खोडरबर शोधू लागले. चर्र. चर्र. चर्र. सातव्या खिशाला रोहितने ओठांवर बोट ठेवलं.

“आतोबा, श्शू! चिमी झोपलीय.”

मागून झोपेतला आवाज आला, “बाबा, आली.”