सोंडेच्या आतून

माझा भाचा अमेरिकेत संगणकाचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, म्हणून मी विचारायचं सोडून दिलंय. परवा मात्र त्याचा फोन आला तो नाटकाबद्दल.

"मामा, मी एका हौशी ग्रुपमध्ये शिरलोय. मागे पडद्यावर सिनेमा चालू असतो. आम्ही पडद्यापुढे तसेच कपडे घालून, तेच सगळं करतो. पहिलाच शो आहे. नवीन माणसानं काम चांगलं कसं करायचं?"

"बोलायचं काय असतं?"

"काही नाही. सिनेमा बोलतो. आपण फक्त ओठ हलवायचे."

"मानधन?"

"उलट कपड्यांचे पैसे आपलेच."

तेव्हा माझी खात्री पटली, की पोरगं नमनात शिरलंय.

त्यानं पुढं सांगितलेला तपशील असा. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' नावाचा एक चावट सिनेमा १९७५ साली आला आणि पडला. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री दाखवायला लागले, आणि तिथे लोकांना तो चढला. तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा यायला लागली, पात्रांसारखे कपडे करायला लागली, पडद्याला उलट उत्तरं द्यायला लागली आणि शेवटी उठून पडद्यापुढे नाचायलाच लागली. आज इतकी वर्षं झाली तरी हे चालू आहे. अशा चमूला तिकडे शॅडो कास्ट म्हणतात. सिनेमात लग्न लागतं तेव्हा प्रेक्षक तांदूळ टाकतात, हे ऐकून मला बरं वाटलं. अक्षता टाकणारा समाज अगदीच वाया गेलेला नसतो. नवख्या माणसालाही तिथे एक खास नाव आहे, पण ते मामाला सांगण्यासारखं नाही असं तो म्हणाला.

आता ज्यांनी नमन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या सुमाराला वाडीवाडीत खेळे उभे राहतात. पायघोळ झगे, पायांत चाळ, गळ्यात मृदंग, हातात टाळ. आधी देवांना नमन, मग गण, गवळण, आणि रात्र चढली की वगनाट्य किंवा रावणाचं सोंग. दिवसा हीच माणसं आंब्याला राखण करतात, रिक्षा चालवतात, मुंबईहून रजा काढून आलेली असतात. सूत्रधार गातो, मागची मंडळी झील ओढतात आणि पुढे सोंग नाचतं. गाणारा वेगळा, नाचणारा वेगळा. हे काही आमच्यापुरतं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्यातसुद्धा पद्यं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर हावभाव करायची. दर पाच नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्या नाटकावरून. म्हणजे भाचा घराण्याला धरूनच आहे, फक्त सूत्रधाराच्या जागी त्यानं सिनेमा बसवलाय.

मी नमनात गेलो तेव्हा मला गणपती दिला. आमच्या वाडीत नवख्याला गणपतीच देतात, आणि त्यामागचा विचार थोर आहे. गणपतीला बोलायचं नसतं. चेहरा मुखवट्यात असतो. पाय चुकला तर लोक समजतात देवाची लीला आहे. शिवाय पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर सावरून हात जोडतात, एखादी उठून पायाशी दहाची नोट ठेवते. पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षक पाया पडतात, हे भाग्य मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर कोणाला लाभलंय?

तालमीत गावकारांनी मला एकच सूचना केली, "तुला काय बोलायचा नाय, काय दाखवायचा नाय. मृदंग सांगल तसा नाचायचा." अभिनयाचं इतकं नेटकं शिक्षण मला पुढं कुठे मिळालं नाही. माझ्याच बरोबर एक मास्तर नव्यानं आले होते. ते हौशी राज्य नाट्य स्पर्धेतून घडलेले, त्यामुळे त्यांना भूमिकेचा अभ्यास करायची खोड होती. गणपतीच्या मुखवट्यात शिरून त्यांनी आधी वात्सल्य आणलं, मग किंचित करुण. बाहेर आम्हांला फक्त सोंड हलताना दिसली. "मास्तर, सर्दी झालीय काय?" असं कोणीतरी विचारलं आणि मास्तर वगनाट्यात प्रधान झाले. तिथे त्यांना बोलायला मिळतं आणि सगळेच सुखी आहेत.

भाच्याला मी म्हटलं, तुझं ओठांचं सोड, पायाचं बघ. तो म्हणाला, सिनेमा थांबत नाही मामा, एक पाऊल मागे पडलं की पडलंच. इथे मात्र आमचं बरं आहे. झगा खिळ्याला अडकला तर मृदंगवाला ते बघतो आणि दोन आवर्तनं जास्त वाजवून घेतो. सूत्रधार तीच ओळ अशी काही घोळवतो की लोकांना ती भक्ती वाटते. यंत्राला एवढं माणूसपण कुठलं? तेव्हा त्याला सांगितलं, सिनेमा पाठ कर, पण डोळ्यांनी नको, कानांनी कर. मुखवट्याच्या भोकांतून मला जेमतेम समोरची बत्ती दिसायची. सगळा गणपती मी कानांनी नाचलो.

आता खरं महत्त्वाचं. नवा माणूस चांगला की वाईट हे रंगमंचावर ठरतच नाही. ते ठरतं पेटारा उचलताना. आमच्याकडे रावण उभा करणं हा एक उद्योग असतो. त्याचं स्वतःचं तोंड एक, उरलेली नऊ फळीवर. नऊ म्हणजे एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला पाच. त्यामुळे लंकाधिपती कायम एका अंगाला कलतो, आणि त्या अंगाला पाठीमागून दोरी ओढून धरायला एक निष्ठावंत माणूस लागतो. ही दोरी मी हौसेनं मागून घेतली. चहाची किटली फिरवली. पहाटे सगळे चाळ मोजून पेटाऱ्यात घातले. माझ्या नाचाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, पण पुढल्या वर्षी तालमीचा निरोप सगळ्यात आधी मला आला. त्यातही "तू ये" एवढंच नव्हतं, "दोरी तुझ्याकडंच" असं होतं.

आणि प्रेक्षक? प्रेक्षकांना सगळं आधीच माहीत असतं, याची भाच्याला भीती वाटत होती. मी म्हटलं, तेच तर आपलं भांडवल. काय होणार हे कळावं म्हणून कोणी येत नाही, यंदा कोण करतंय ते बघायला येतात. तुझे प्रेक्षक ठरल्या जागी ओरडतात, आमचे कुठेही ओरडतात. गवळणीतल्या मावशीनं मिशी काढली नाही म्हणून एका आजींनी प्रयोग थांबवून तिला घरी पाठवलं होतं. ती मिशी काढून आली तेव्हा कुठे कृष्ण मथुरेच्या बाजाराची वाट अडवू शकला. हल्ली मंडळात मुलीही गवळणी करतात, त्यामुळे हा प्रश्न उरलेला नाही, पण करमणूक थोडी कमी झाली हे मान्य केलं पाहिजे.

प्रयोगानंतर भाच्याचा फोन आला. कौतुक कोणी केलं का, विचारलं. "नाही," तो जरा पडेल आवाजात म्हणाला, "फक्त पुढच्या वेळी तासभर आधी ये, सामान उतरवायचंय, असं म्हणाले." मी त्याच्या आईला फोन करून सांगितलं, पोरगं पास झालं, पेढे वाट.

आता थोडं कामाचं. यंदा आमचा रावण कतारला नोकरीला गेलाय. ज्यांना हौस असेल त्यांनी शिमग्याच्या फाक पंचमीच्या आधी निरोप द्यावा. झगा, चाळ आणि नऊ तोंडं मंडळाची. दहावं ज्यानं त्यानं आणायचं. कमरेचं दुखणं असेल तर आधीच सांगावं, म्हणजे जास्तीचं तोंड दुसऱ्या बाजूला बांधू. दोरी धरायला मी आहे.